अंधारात लावलेला पाट

"मैना कुठं गेली?" बहिरूने विचारले आणि पुढ्यातली थाळी बाजूला सारली.

लंकाबाई चुलीपुढे भाकर थापत होती. तिने मान वर केली नाही. दिवाळीपासून हा प्रश्न ती रोज ऐकत होती. सुरुवातीला एकदा तिने खरे सांगितले होते, की मैना प्लेगात वारली, त्याला पुष्कळ वर्षे झाली. तेव्हा बहिरू नुकतीच बातमी कळल्यासारखा रडला होता. तासाभराने रडण्याचे कारण विसरला, आणि तरी रडतच राहिला. तेव्हापासून ती एवढेच म्हणे, "ती इथं नाय." हे खोटेही नव्हते.

आज मात्र तेवढेही बोलायची सोय नव्हती. उंबऱ्यात कारभारी उभा होता.

कारभारी हा बहिरूच्या थोरल्या भावाचा मुलगा. वणीकडच्या गावात शेती करायचा. बुधवारच्या बाजाराला नाशकात आला की कधीमधी काकाकडे डोकावायचा, पण या खेपेला वर्षभराने आला होता. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती. ती खाली ठेवायची सोडून तो काकाकडे बघत राहिला होता.

बहिरूने त्याला पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. "दादा, कधी आलास? बैस." मग लंकाबाईकडे बोट दाखवून, आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "ह्या बाई भाकर घालत्यात मला. लय भल्या हायेत. कोणाच्या हायेत कोण जाणे."

कारभारी हुबेहूब आपल्या बापासारखा दिसायचा. बाप जाऊन कैक वर्षे झाली होती. तो हळूच काकाजवळ बसला आणि म्हणाला, की आताच आलो. काकाने मैनाबद्दल विचारले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आई लहानपणीच गेल्यामुळे मैनाने त्याला वाढवले होते. तिचे नाव या घरात इतक्या वर्षांनी कोणी एवढ्या ओढीने घेत होते.

निघताना त्याने लंकाबाईला बाहेर बोलावले. भद्रकालीच्या मागच्या त्या गल्लीत दुपारचे कोणी नव्हते. कारभारी तिला कधी काकी म्हणाला नव्हता. "लंकाबाई," तो म्हणाला, "काका मनानं गावच्या घरात हाय. मैनाकाकीपाशी हाय. मी त्याला तिकडं नेतो. चार दिवस सुखाचे जातील."

"आन मी?"

"तुम्ही इथं राहा. तुमचं काम हाय, खोली हाय."

"नवरा तिकडं आन बायको इथं?"

कारभारीने खाली बघत विचारले, की तुमचा पाट लागताना कोणी पाहिला? त्याच्या बापाने पाहिला नव्हता, गावातल्या कोणी पाहिला नव्हता. आता तर काकाच म्हणतो, की बाई कोणाच्या ते ठाऊक नाही. पुढच्या बुधवारी तो लहानूबाबांकडे हा विषय काढणार होता. लहानूबाबा म्हणजे नाशकातल्या त्यांच्या जातीतले वडीलधारे; त्यांच्या ओट्यावर असली भांडणे मिटत.

"काढ," लंकाबाई म्हणाली. "मीबी येते."

ती आत आली तेव्हा बहिरू पिशवीतल्या शेंगा फोडून दाणे एका बाजूला आणि टरफले दुसऱ्या बाजूला ठेवत होता. फार व्यवस्थित.

लंकाबाई तपकिरीच्या कारखान्यात तंबाखूची पूड चाळायची. नाकाला फडके बांधून सकाळपासून दुपारपर्यंत बारीक कापडातून पूड गाळायची आणि घरी येऊन अंग धुवायची, तरी तिच्या लुगड्याला तो वास राहायचाच. पहिल्या नवऱ्याच्या मागे ती या कामाला लागली. बहिरूची आणि तिची गाठ पडली ती कारखान्याच्या दारातच. तो तेव्हा स्टेशनपासून गावात येणाऱ्या ट्रामच्या घोड्यांचा मोतद्दार होता. त्यांना चारापाणी द्यायचे, खरारा करायचा, जुंपायचे, गाडीबरोबर जायचे आणि वाटेत घोडे बिचकले तर उतरून त्यांना शांत करायचे, हे त्याचे काम. तपकीर घ्यायला यायचा. मैना जाऊन दोन वर्षे झाली होती. बोलायचा कमी, पण एकदा म्हणाला, की घरात दिवा लावायला कोणी नसलं की माणूस घोड्यांजवळच झोपतो.

पाट म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. ते उजेडात लावायची रीत नव्हती. वाजंत्री नाही, पंगत नाही. गावाबाहेरच्या एका पडक्या धर्मशाळेत पाचसहा माणसे जमली, एका म्हाताऱ्याने दोघांच्या पदराला आणि उपरण्याला गाठ मारली आणि लंकाच्या ओटीत नारळ घातला. उजाडेपर्यंत तिचे तोंड कोणा सवाष्णीने पाहायचे नव्हते. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तेव्हा बहिरू उठून तिच्यासमोर, भिंतीला पाठ लावून बसला होता. मी तर बघू शकतो ना, असे म्हणाला होता. एवढाच त्या लग्नातला थाट.

हे सगळे त्याच्या डोक्यातून गेले होते. लंकाबाईला सुरुवातीला कळलेच नाही, काय जाते आहे. ट्राम बंद पडली, घोडे कधीच विकले गेले होते, काम नसलेला माणूस जरा विसरभोळा होतो असे तिला वाटले. मग तो गल्ली चुकू लागला. मग कालचे जाऊ लागले, मग गेल्या वर्षीचे, आणि तिथून मागे मागे. वैद्यांनी डोक्याला तेल चोळायला सांगितले. तेलाने झोप लागायची, बाकी काही व्हायचे नाही. चमत्कारिक हे होते, की त्याचे ज्ञान शाबूत होते. घोड्याला पोटशूळ उठला तर काय पाजायचे ते तो नीट सांगे. टांगेवाले कोणी घोडा घेऊन आले तर खूर उचलून बघे आणि नाल कुठे घासतो आहे ते दाखवी. पण आपण घोडे कुठे सांभाळले, कोणाबरोबर, ते विचारले तर गोंधळून बघे. जगाबद्दलचे सगळे उरले होते. स्वतःवर जे गुजरले तेवढे निघून गेले होते. मैना मात्र राहिली होती, आणि मैनाच्या आधीचे.

आपल्याला विसरला, हे लंकाबाईने गिळले. माणसाच्या अंगात दुखणे शिरले तर त्याच्यावर रुसायचे कसे? पण एका दुपारी ती सहज म्हणाली, की आज नवसा असती तर दोन पोरांची आई असती. तेव्हा त्याने विचारले, "कोण नवसा?"

नवसा ही त्यांची मुलगी. सप्तशृंगीला नवस बोलून झालेली. चार वर्षांची होऊन मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. तिचे बोलणे, तिची चाल, झोपताना बापाचा कान धरायची तिची खोड, हे सगळे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होते. आता एकालाच. त्या दुपारी लंकाबाईने काम केले नाही. पदर तोंडावर घेऊन भिंतीला टेकून बसली आणि मुलगी दुसऱ्यांदा गेल्यासारखी रडली.

शेजारी इब्राहिम आणि बिलकिस राहत. इब्राहिम ट्रामचा हाकणारा होता. बहिरू घोडे जुंपून द्यायचा आणि लगाम इब्राहिमच्या हाती असायचा. बिलकिसचे आणि लंकाबाईचे नाते जिव्हाळ्याचे होते. कारभारी येऊन गेल्याचे कळले तेव्हा बिलकिस म्हणाली, की यात एवढं काय? तो मैनाबद्दल विचारतो ना, तर मीच मैना म्हणून सांग. त्याला सुख, तुला सुख. लहानूबाबांपुढे त्याने हात धरून ही माझी मैना म्हटले, तर कारभारी काय बोलणार आहे?

लंकाबाई म्हणाली, की मला नाही जमायचे. पण बोलणे मनात राहिले. दोन दिवसांनी सकाळी बहिरू अंथरुणावर उठून बसला आणि अगदी घाबऱ्या आवाजात त्याने मैनाला हाक मारली. लंकाबाई पाणी तापवत होती. ती जवळ गेली, खाली बसली आणि म्हणाली, "हाय मी. इथंच हाय."

बहिरूने तिच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरची भीती वितळली. इतक्या महिन्यांत त्याने तिला असे पाहिले नव्हते. तो बाई म्हणून, मान राखून, दुरून बोलायचा. आता त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिच्या मनगटावरून अंगठा फिरवला. लंकाबाईला वाटले, असू दे. नावाला काय आहे? हात तर त्याचाच आहे.

मग तो म्हणाला, "लोक काय काय सांगत्यात. मी दुसरी केली म्हणत्यात. तुझी आन मैना, मी दुसरी बायको केली नाय. करणारबी नाय."

लंकाबाईने हात सोडवून घेतला. चुलीपाशी गेली, लाकूड आत सारले, आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून पदराने डोळे पुसले. पाणी उकळून सांडू लागले तोवर ती तशीच बसली. मग त्याला आंघोळ घातली, धोतर नेसवले, आणि त्याच्यासमोर उभी राहून स्पष्ट बोलली.

"ऐका. मी मैना नाय. मी लंका हाय."

"बरं," बहिरू म्हणाला. त्याला काही विशेष वाटले नाही.

त्या दिवशी बिलकिस पुन्हा म्हणाली, निदान बुधवारच्या दिवसापुरते तरी. इब्राहिमनेही तेच सुचवले. तो म्हणाला, की खोटे कोणाच्या वाईटासाठी नाही. लंकाबाईने दोघांनाही नाही म्हणून सांगितले. मैना चांगली बाई होती असे ती ऐकून होती. तिच्याशी तिचे वैर नव्हते. पण मैना होऊन जिंकले, तर लंका कुठे जाणार? पंचवीस वर्षे त्याच्याबरोबर जी राहिली ती मग कोणीच नव्हती असे होईल, आणि नवसा कोणाच्या पोटी आली होती, हा प्रश्न उरेल. माणूस विसरला तर विसरू दे. आपणही आपल्याला पुसून टाकायचे, हे तिला मान्य नव्हते.

बुधवारी तिने बहिरूला पांढरे स्वच्छ पागोटे बांधले आणि हाताला धरून लहानूबाबांच्या ओट्यावर नेले. बाजारासाठी खेड्यांतून आलेली पाचसहा वडीलधारी मंडळी बसली होती. कारभारी आधीच आला होता. त्याने उठून काकाला हात दिला, सतरंजीवर बसवले, पाणी आणून दिले. त्याचे काकावर प्रेम नव्हते असे कोणी म्हणाले नसते. लंकाबाई रीतीप्रमाणे ओट्याच्या खाली, पायरीशी उभी राहिली. इब्राहिम अंगणाच्या कडेला कडुलिंबाखाली थांबला. त्यांच्या जातीचा नव्हता, म्हणून वर आला नाही.

कारभारीने आपले म्हणणे मांडले. तो वाईट काही बोलला नाही. बाईने काकाची सेवा केली हे त्याने कबूल केले. पण काका म्हातारा झाला, मन भरकटले, अशा वेळी माणूस आपल्या रक्ताच्या लोकांत असावा. या बाईंचा पाट लागला असे त्या म्हणतात. लागला असेल तर साक्षीदार दाखवावा. नसेल तर काकाला नेण्यापासून अडवायचा त्यांना काय हक्क?

लहानूबाबा वयाने बहिरूपेक्षा फार मोठे नव्हते. त्यांनी त्याच्याकडे वळून विचारले, "बहिरू, ती खाली उभी हाय ती बाई कोण?"

बहिरूने डोळे बारीक करून पाहिले. सगळे वाट बघत होते. त्याला उत्तर बरोबर द्यायचे होते, हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

"भल्या हायेत," तो म्हणाला. "भाकर घालत्यात. नाव नाय ठाऊक."

"तुझी बायको कोण?"

"मैना."

बसलेल्यांत कुजबुज झाली. लहानूबाबांनी मान हलवली आणि ते म्हणाले, की ज्याचा संसार तोच कबूल करीत नसेल, तर आम्ही तिऱ्हाईतांनी काय बोलावे?

तेव्हा लंकाबाई पायरी चढून वर आली. बाया ओट्यावर येत नसत. तिने कपाळापर्यंत ओढलेला पदर मागे सारला.

"ह्यांना इचारू नका," ती म्हणाली. "मला इचारा. ह्यांचं इसरलंय, माझं इसरलं नाय. संसार दोघांनी केला. एकाच्याच ध्यानात ऱ्हायला म्हणून तो झालाच नाय, आसं कसं व्हईल?"

एक जण म्हणाला, की बाई, साक्षीदार सांगा, बाकीचे राहू द्या.

"पाट अंधारात लावायचा ही रीत तुमची. बायांनी तोंड बघायचं नाय, ही रीत तुमची. आन आता तुम्हीच इचारता, कोणी पाह्यलं? ज्यांनी पाह्यलं ते मानमोडीत गेले. त्या म्हाताऱ्याचं आख्खं घर गेलं. मी त्यांना मसणातून उठवून आणू का?"

लहानूबाबा जमिनीकडे बघत होते. त्यांचाही थोरला मुलगा त्याच साथीत गेला होता.

"पाट कोणी पाह्यला नाय," लंकाबाई पुढे म्हणाली. "मंग जे समद्यांनी पाह्यलं ते सांगते."

आणि तिने नवसाचे सांगितले. आजवर हे तिने कोणाला सांगितले नव्हते. मुलगी पहाटे गेली. गल्लीत धडधाकट पुरुष उरला नव्हता. बहिरूने एकट्याने तिला उचलून नेले आणि एकट्यानेच माती दिली. परत आला तेव्हा दिवस वर आला होता. तबेल्यात दोघेच मोतद्दार जिवंत, त्यातला एक तापाने फणफणलेला. बहिरू काही न बोलता कामावर गेला. घोडे जुंपले. गाडी स्टेशनकडे निघाली, आणि निम्म्या वाटेवर, आजूबाजूला नुसती शेते होती तिथे, तो खाली उतरला, घोड्यांच्या पुढे गेला आणि दोन रुळांच्या मधे बसला.

"मी मागून चालत आले व्हते," लंकाबाई म्हणाली. "घरात बसवंना. लांबून गाडी उभी दिसली. जवळ जाऊन पाह्यलं तर हे रुळात बसलेले. मीबी बसले. घोडे वर उभे, आमी खाली. गाडीत मानसं भरलेली व्हती. स्टेशनावर कोणाची आगगाडी आसंल, कोणाचं काय आसंल. कोणी हाक मारली नाय. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ही दोघं कोण म्हणून. तरी समद्यांना कळलं का ही नवराबायको हायेत आन ह्यांचं लेकरू गेलंय."

कडुलिंबाखालून इब्राहिम बोलला. त्याने आवाज चढवला नाही, तरी तो ओट्यापर्यंत आला. "लगाम माझ्या हातात होता, बाबा. ती बोलली ते सच हाय. मी घोडे धरून ठेवले. गाडीतला एक माणूसबी उतरला नाय."

बहिरू हे सगळे ऐकत होता. सुरुवातीला त्याचे लक्ष इकडेतिकडे होते, मग गोष्ट रुळांपाशी आली तेव्हा तो पुढे झुकला. एखाद्या परक्याची हकिकत ऐकावी तसा तो ऐकत होता, पण मन लावून.

"मंग?" त्याने विचारले. "मंग काय केलं त्या गड्यानं?"

लंकाबाई त्याच्याकडे वळली. आता ती पंचांशी बोलत नव्हती.

"उठला. सांजपर्यंत काम केलं. घोड्यांना पाणी दाखवलं आन घरी आला."

"आन बाई?"

"बाईबी घरी आली."

"त्याला सोडून गेली नाय?"

"नाय."

बहिरूने समाधानाने मान हलवली. मग त्याला काही आठवल्यासारखे वाटले, पण ते आठवणे नव्हते, नुसती उत्सुकता होती. "पोरीचं नाव काय व्हतं?"

"नवसा."

"नवसा," तो म्हणाला. शब्द तोंडात फिरवून पाहिल्यासारखा त्याने तो पुन्हा उच्चारला. "नवसा. चांगलं नाव हाय."

लंकाबाईने ओट्याच्या खांबाला धरले.

लहानूबाबांनी कोणाशी सल्लामसलत केली नाही. ते म्हणाले, की म्हातारा जिथे आहे तिथेच राहील, बाई त्याला वेळेवर भाकर घालते, त्याचे हाल नाहीत. कारभारीने पाहिजे तेव्हा येऊन भेटावे. मंडळींनी माना डोलावल्या. एक जण पागोटे सारखे करून उठूसुद्धा लागला.

लंकाबाई जागची हलली नाही.

"भाकर मोलकरीणबी घालती," ती म्हणाली. "मी भाकरीपायी आले नाय. मी त्यांची कोण, ते बोला."

"बाई, तुला माणूस मिळाला ना? आता कशाला ताणते?"

"माणूस माझा हायेच. तुम्ही शब्द बोला. उजेडात बोला, समद्यांदेखत."

उठणारा माणूस पुन्हा खाली बसला. लहानूबाबांनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिले. मग ते घसा साफ करून, लग्नात बोलावे तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "लंका ही बहिरूची बायको हाय. पाटाची बायको, रीतीची बायको. कोणी वेगळं बोलू नये."

कारभारी उठून पायरीशी आला. तो रागावला होता का दुखावला होता, ते कळत नव्हते. तो म्हणाला, की तुम्ही जिंकलात, पण काका मनाने मैनाकाकीपाशीच आहे, ते काही बदलणार नाही.

"मनानं तिच्यापाशी राहू दे," लंकाबाई म्हणाली. "मी कधी म्हणलं का तिला इसरा म्हणून? तुझं शेत तू कर, मला त्यातलं ढेकूळबी नको. पण तुझ्या काकाचं दुखणं माझं हाय. मरनबी माझ्या दारात. त्यात वाटा मागू नको."

कारभारीने काकाच्या पायाला हात लावला. बहिरू त्याला दादा म्हणाला आणि लवकर परत ये असे त्याने सांगितले. कारभारी होय म्हणाला आणि बाजाराच्या दिशेने निघून गेला.

बहिरू पुढेही काही सुधारला नाही. सुधारेल असे लंकाबाईला वाटलेही नव्हते. एक केले तिने. कामावरून आली की त्याच्यासमोर बसून ती त्याला सांगू लागली. घोडे कोणते होते, कोणता चावरा होता. धर्मशाळेत तो भिंतीला पाठ लावून बसला ते. नवसा त्याचा कान धरून झोपायची ते. तो रोज नव्याने ऐके, रोज मधे प्रश्न विचारी, आणि सकाळी सगळे गेलेले असे. बिलकिसला वाटायचे, की हे फुटक्या मडक्यात पाणी ओतणे आहे. लंकाबाई म्हणायची, ओतते तेव्हा तर ओले होते ना?

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याला एक नवे सुचू लागले. दिवेलागण झाली की तो अस्वस्थ होई. परक्याची बाई संध्याकाळी आपल्या घरात आहे, लोक काय म्हणतील, तिच्या घरी काय होईल, याची त्याला काळजी वाटे. तो जन्मभर सरळ वागलेला माणूस होता, आणि ते वागणे विसरला नव्हता. पहिल्या दिवशी लंकाबाई त्याच्या समाधानासाठी बाहेर जाऊन ओट्यावर बसली आणि अंधार पडल्यावर गुपचूप आत आली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या संध्याकाळी ती दिवा लावून उभी होती, तेव्हा बहिरू घोंगडीवरून म्हणाला, "बाई, आता जा. अंधारून येऊ राह्यलं. तुमचा मालक वाट बघत आसंल."

गल्लीतून कोणाची तरी म्हैस हंबरत गेली. लंकाबाईने दाराकडे पाहिले.

"बघू दे," ती म्हणाली, आणि तिने दार ओढून आतून कडी घातली.

बहिरू थोडा वेळ त्या कडीकडे बघत राहिला. मग घोंगडीवर एका बाजूला सरकला आणि त्याने तिला बसायला जागा केली.